कार्यालय पेपरलेस, पिशवी फुल्ल

कागद वाचवायचा तर सर्वांत आधी परिपत्रक काढावं लागतं. त्याच्या प्रती सगळ्या विभागांना जातात, विभाग ते मिळाल्याची पोच देतात, पोचेची नोंद आवक रजिस्टरात होते, आणि मग ‘परिपत्रकाची अंमलबजावणी काय झाली’ असं विचारणारं स्मरणपत्र निघतं. एवढं झालं की कागद वाचायला सुरुवात होते.

आपल्याकडे हा विचार जुना आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्यातलं चौथं कलम सांगतं की कायद्याला जिथं लेखी मजकूर हवा आहे, तिथं संगणकातली नोंदही चालेल. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, माणसं गेली, मजलेच्या मजले फायली जळाल्या, आणि ई-ऑफिसच्या बोलण्याला धार आली. २०१५ साली सरकारनं साक्षांकित प्रती आणि प्रतिज्ञापत्रांऐवजी बऱ्याच कामांना स्वतःच्या सहीची प्रत आणि स्वयंघोषणापत्र पुरेल असं ठरवलं. कायद्याच्या पुस्तकात पाहिलं तर महाराष्ट्रात कागदाचा दुष्काळच पडायला हवा होता.

आता मुंबई सोडून कामठ्याला या. गोंदिया तालुक्यातलं हे धानाचं गाव, एके काळच्या जमीनदारीचं ठिकाण. १८१८ साली इथल्या चिमणा पटेलानं इंग्रजांविरुद्ध उठाव केला होता. त्याच्या धाडसाबद्दल आदर आहेच, पण एक गोष्ट मान्य करावी लागेल : उठावाच्या अर्जाला आधारची झेरॉक्स जोडा, असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आजच्या कामठ्याच्या शेतकऱ्याचा उठाव खरेदी केंद्रावर धान विकण्यापुरता असतो. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाला क्विंटलमागे २,३६९ रुपये हमीभाव ठरला. तो मिळवायचा तर ऑनलाइन नोंदणी हवी. नोंदणीसाठी सातबारा हवा, आठ-अ हवा, आधार हवं, बँकेचं पासबुक हवं, आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद हवी.

ही पिकाची नोंद म्हणजे या कथेतली सर्वांत आधुनिक गोष्ट. पूर्वी तलाठी ती करायचे. ते बांधावर न येताच पेरा लिहितात, अशी तक्रार पिढ्यान्‌पिढ्या होती. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि तक्रारच मिटली, कारण आता बांधीत जाऊन मोबाईलवर फोटो काढायचं काम शेतकऱ्याचंच झालं. रोवणी आटोपली की भर पावसात, चिखलात उभं राहून, एका हातात छत्री आणि दुसऱ्यात मोबाईल धरून तो नेटवर्क शोधतो. सरकारचं रजिस्टर असं सरकारचा एकही कागद न लागता भरलं जातं. तलाठ्यांचं नावही २०२४ मध्ये बदललं, ते आता ग्राम महसूल अधिकारी झाले. (नाव बदललं म्हणजे रबरी शिक्काही नवा. शिक्का मात्र अजून डिजिटल झालेला नाही.)

तर नोंद झाली. ती सरकारच्या संगणकात आहे, सातबाराही तिथंच आहे, आठ-अ पण तिथंच. या सगळ्याची प्रिंट घेऊन आपला माणूस कार्यालयात येतो. कोणत्या, ते विचारू नका. वाचकानं आपल्या ओळखीचं घालून वाचावं, चुकणार नाही.

साहेबांचं टेबल आरशासारखं लख्ख. फाईल नाही, गठ्ठा नाही, लाल कापडात बांधलेला बस्ता नाही. भिंतीवर पाटी : ‘हे कार्यालय पेपरलेस आहे.’ पाटी फ्लेक्सची आहे, म्हणजे कागदाची नाही, तेव्हा तिच्याबद्दल कुणाला काही म्हणता येणार नाही.

“सातबारा आणला?”

“मोबाईलात हाय ना जी, दाखवू का?”

“मोबाईल मी फाईलला लावू का? प्रिंट आणा.”

“साहेब, तुमच्या कम्प्युटरवर पण दिसते म्हणतात.”

“दिसतं ना! पण मला दिसून काय उपयोग? रेकॉर्डला लागतो.”

शेतकरी फाटकाबाहेर जातो. तिथं झेरॉक्सची दुकानं ओळीनं आहेत. सरकारचा खरा मुद्रण विभाग तो हाच, फक्त त्याला पगार नाही आणि पेन्शन नाही. महाभूमीच्या पोर्टलवरून डिजिटल सहीचा सातबारा काढायचे १५ रुपये, प्रिंटचे वेगळे, झेरॉक्सचे वेगळे, आणि अर्ज भरून देणाऱ्याचे आणखी वेगळे. त्या सातबाऱ्यावर क्यूआर कोड असतो, आणि हा डिजिटल सहीचा आहे, याला सही-शिक्क्याची गरज नाही, असं तिथंच छापलेलं असतं. तो घेऊन गडी परत येतो. साहेब तो वाचतात, मान डोलावतात आणि म्हणतात, “ठीक आहे. खाली एक सही-शिक्का आणा.”

हे लिहिताना आम्हाला शेजारचं बिरसी विमानतळ आठवतं. तिथं विमानाचं तिकीट मोबाईलवर दाखवलं तरी माणूस आत जातो. गोंदिया जंक्शनवर गाडीत बसलेल्या प्रवाशाला टीसी मोबाईलवरचा मेसेज पाहून सोडतो. म्हणजे कामठ्याचा माणूस कागदाशिवाय हवेत उडू शकतो, रेल्वेनं देश पालथा घालू शकतो. अडतो तो फक्त स्वतःच्या जमिनीवर.

आणि वर्षअखेरीस अहवाल जातो : कार्यालयानं कागदाच्या अमुक रिम वाचवल्या. अहवाल खोटा नसतो. रिम खरोखरच वाचतात, कारण कागद आता शेतकरी विकत आणतो. पूर्वी सरकार कागद घ्यायचं, शाई घ्यायचं, लिहायला माणूस ठेवायचं. आता कागद शेतकऱ्याचा, शाई दुकानदाराची, फोटो शेतकऱ्याच्या मोबाईलचा, डेटा त्याच्याच रिचार्जचा. ही कागदाची बचत नव्हे, कागदाचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडणं आहे. महावितरणचा त्यातल्या त्यात व्यवहार चोख : छापील बिल नको म्हणणाऱ्या ग्राहकाला त्यांनी बिलामागे १० रुपये सूट देऊ केली. महसुली कामात असा हिशेब कधी झाला नाही. झाला असता तर धानाच्या बोनसपेक्षा सातबाऱ्याच्या प्रिंटची भरपाईच जास्त निघाली असती!

आता सगळ्या नोंदी एकत्र बांधायला शेतकरी ओळख क्रमांक आला आहे. जमीन, पीक, अनुदान, सगळं एका क्रमांकावर. कल्पना चांगली आहे, आम्ही मनापासून सांगतो. फक्त त्या क्रमांकाची प्रिंट किती प्रतींत लागेल, एवढं आधी जाहीर व्हावं.

कार्यालय किती पेपरलेस झालं ते साहेबांच्या टेबलावर मोजू नये, फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मोजावं. तिथला धंदा बसला तर सुधारणा झाली, वाढला तर नुसती पाटी लागली. आणि जो कागद सरकारनंच दिला, जो सरकारच्याच संगणकात आहे, तो नागरिकाकडे मागायचा नाही, असा एक ओळीचा नियम पुरे. तो परिपत्रकानं काढला तरी आमची हरकत नाही.

तोवर कामठ्याच्या वाचकांना एकच विनंती. खरेदी केंद्रावर निघताना पिशवीत सगळ्या कागदांच्या दोन प्रती ठेवा. तिसरी तिथं मागतीलच.