रनदादा

विज्ञानाच्या कुठल्याही विद्यापीठात जा, कॅन्टीनच्या कोपऱ्यात लॅपटॉप उघडा ठेवून गार झालेला चहा पिणारा एक गृहस्थ दिसेलच. लॅपटॉप मिटला तरी क्लस्टरवरचा जॉब चालूच राहतो, हे तोच सगळ्या ज्युनिअरना शिकवतो. स्वतःचा मात्र मिटत नाही. पीएचडीचं कितवं वर्ष, हे त्याला विचारायचं नसतं. ‘काय चाललंय?’ एवढं चालतं, कारण त्याचं उत्तर तयार असतं : ‘रन लावलाय.’ गाइडना हेच सांगतो, गावाहून आईचा फोन आला की तिलाही हेच. आई शेजारणींना सांगते, ‘त्याचं काहीतरी लागलंय.’ शेजारणी पेढे मागतात.

हा रनदादा. खरं नाव हजेरीपटावर असेल, पण आता तिथंही कुणी शोधत नाही.

विभागाचा क्लस्टर म्हणजे तळमजल्यावरच्या एका खोलीत कपाटांत रचून, तारांनी एकमेकांना बांधलेले संगणक. विभागप्रमुखांच्या डोक्यावर पंखा कुरकुरतो, पण त्या खोलीत चोवीस तास एसी. रनदादाला तिथं पाऊल ठेवायची परवानगी नाही. तरी नव्या मुलांना तो दाराच्या काचेतून आतले हिरवे दिवे दाखवतो आणि घराण्याचा इतिहास सांगतो. १९८८ साली पुण्यात सी-डॅक निघालं, १९९१ साली विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० तयार झाला. १९९४ साली नासामध्ये स्टर्लिंग आणि बेकर यांनी बाजारात मिळणारे १६ साधे पीसी जोडून गरिबांचा सुपरकॉम्प्युटर केला, आणि आपला हा क्लस्टर त्याच वंशातला. परमबद्दल बोलताना त्याचा सूर असा लागतो, की डाग द्यायला हाच बसला होता. तेव्हा त्याचा जन्मही झालेला नव्हता.

त्याचा खरा हंगाम म्हणजे सबमिशनचा आठवडा. एमएस्सीच्या पोरांना पॅरलल कम्प्युटिंगच्या पेपराला दोन मॅट्रिक्सचा गुणाकार अनेक कोअरवर वाटून करायचा असतो. सोमवारी सकाळी द्यायचं, म्हणून रविवारी रात्री सगळे पहिल्यांदा लॉगिन करतात.

‘दादा, पासवर्ड टाइपच होत नाहीये. कीबोर्ड गेलाय बहुतेक.’

‘होतोय गं. दिसत नाही एवढंच. लिनक्स आहे, चांदण्यासुद्धा दाखवत नाही. टाइप कर आणि एंटर मार.’

‘झालं! आता प्रोग्राम चालवू?’

इथं रनदादा खुर्चीतून उठतो. क्लस्टरवर पाऊल टाकलं की माणूस लॉगिन नोडवर येतो. तिथं फायली ठेवायच्या, स्क्रिप्ट लिहायची, जॉब रांगेत टाकायचा आणि गप बसायचं. हिशेब व्हायचे ते आतल्या कम्प्यूट नोडवर. पण दरवर्षी कुणीतरी लॉगिन नोडवरच मॅट्रिक्स गुणायला घेतो आणि अख्ख्या विभागाला एक अक्षर उमटायला पाच-पाच सेकंद लागू लागतात. अशा वेळी रनदादा ‘टॉप’ ही कमांड मारतो. कोण किती सीपीयू खातोय याची यादी समोर येते आणि मग तो हॉस्टेलच्या जिन्यात उभा राहून त्या मुलाला पूर्ण नावानं हाक मारतो. वडिलांच्या नावासकट.

पुढचा धडा जॉब स्क्रिप्टचा. किती कोअर, किती मेमरी, किती वेळ हे स्लर्म नावाच्या व्यवस्थापकाला आधी लिहून द्यावं लागतं. मुलीनं लिहिलं होतं : ४८ कोअर, चार दिवस.

‘गुणाकाराला किती वेळ लागतो?’

‘दोन मिनिटं. पण म्हटलं, असू दे.’

‘असू दे म्हणूनच तू रात्रभर बसशील. एसटीत पाच जणांच्या कुटुंबाला जागा नसते, पण एकट्या माणसाला कंडक्टर मागच्या बाकावर सरकवतो. चार कोअर माग, दहा मिनिटं लिही. मोठ्या जॉबसाठी नोड रिकामे होईपर्यंत मध्ये जी फट पडते, तिच्यात तुझा जॉब बसेल.’

‘पण जास्त कोअर असले तर लवकर होईल ना?’

मग अ‍ॅमडाल येतो. जीन अ‍ॅमडालनं १९६७ साली मांडलेला युक्तिवाद रनदादा टिश्यू पेपरवर समजावतो. कामाचा दहा टक्के भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर हजार कोअर लावा नाहीतर लाख, वेग दहापटीपुढे जाणार नाही. हे तो इतकं सुरेख सांगतो, की वर्गात तासभर न कळलेलं चहाच्या दोन घोटांत कळतं.

आणि मग घडतो तो अन्याय. मुलीचा जॉब टाकल्या टाकल्या सुटतो. रनदादाचा, परवापासून टाकलेला, तसाच ‘पीडी’ दाखवत उभा. पीडी म्हणजे पेंडिंग, आणि कारणाच्या रकान्यात ‘प्रायॉरिटी’. स्लर्मचं फेअरशेअर असं, की ज्यानं अलीकडे जास्त वापरलं तो मागे. उभ्या विद्यापीठात ज्येष्ठतेला मान आहे, मेसमध्ये पहिली पोळी सीनिअरला मिळते, आणि इथं मात्र कालची पोरगी पुढे. रनदादा तक्रार करत नाही. दर पाच मिनिटांनी तो ‘एस-क्यू’ मारून यादी बघतो. तो बघतो म्हणून रांग हलत नाही, हे त्याला ठाऊक आहे.

त्या यादीवरून त्याला सगळ्यांचं सगळं कळतं. एकाचे अचानक चाळीस जॉब दिसले, म्हणजे त्याचा प्रोग्रेस सेमिनार आठवड्यावर आला. दुसरीचं नाव महिनाभर नाही, म्हणजे तिनं गुपचूप थीसिस लिहायला घेतला. या दुसऱ्या बातमीनं तो अस्वस्थ होतो.

कारण रन लागलेला असला की माणूस कामात असतो आणि मोकळाही असतो. आतले कोअर घामाघूम होत असतात, आपण चहा घेत असतो, आणि दोन्हीला मिळून संशोधन म्हणतात. रात्री तीनला मेमरी संपून जॉब मेला, तरी त्याला मनापासून दुःख होत नाही. पुन्हा लावता येतो.

खरी पंचाईत होते ती मेन्टेनन्सच्या वेळी. ‘शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ क्लस्टर बंद राहील,’ अशी मेल येते. पोरं सिंहगडाचा बेत करतात. रनदादा अ‍ॅडमिनला फोन करून विचारतो, ‘निदान लॉगिन नोड तरी चालू ठेवाल का?’

त्या रविवारी रात्री त्या मुलीला आउटपुट मिळालं तेव्हा तिनं टिश्यू पेपर पुन्हा एकदा नीट वाचला आणि सरळ विचारलं, ‘दादा, म्हणजे तुझ्या पीएचडीत बाकी सगळं क्लस्टर करणार, पण थीसिस लिहिणं हा एकामागून एक करायचाच भाग ना? तो किती टक्के राहिलाय?’

रनदादानं लॅपटॉप स्वतःकडे वळवला, ‘एस-क्यू’ मारलं आणि म्हणाला, ‘दहा मिनिटं लिहायला सांगितली होती ना? पंधरा लिहिलीस. फुकट वेळ मागायची सवय बरी नाही.’