सात वाजताचा भोंगा

सकाळी जाग येते. डोळे उघडायच्या आधी हात उशीखाली जातो. मोबाइल सापडतो, मग डोळे उघडतात. बायकोचा चेहरा, म्हाताऱ्या आईचा खोकला, खिडकीबाहेरची बुलढाण्याची गार हवा, सगळं नंतर. आधी रात्रीतून ग्रुपवर कोणी काय टाकलं ते.

आणि दुपारी आपणच विचारतो, डोकं का भणभणतं?

खामगावच्या बाजारात सोयाबीनला काय भाव निघाला, हे दिवसातून एकदा बघायचं. शेतकरी माणूस वीसदा बघतो. वीसदा बघून क्विंटलमागे रुपया वाढत नाही.

जीव मात्र वीसदा खालीवर होतो.

‘सोडायचं हो आता सगळं,’ असं प्रत्येकजण म्हणतो. कुठे म्हणतो? पानटपरीवर. समोर सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत पडतो, खर्रा घोटला जातो, आणि घोटून होईपर्यंत चौघं गोळा होतात. एकानं पैसे द्यायचे, चौघांनी चिमूट उचलायची. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. चिमटीवर कोणता कायदा चालणार?

आता बघा, सवय लागली चौघांत. सोडायला मात्र आपण एकटेच बसतो, घरी, मनाशी निश्चय करून. कशी सुटेल?

निश्चय मनात राहतो. तो मोडला तरी कोणाला कळत नाही.

आपल्या बापजाद्यांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी निश्चय गळ्यात घातला. तुळशीची माळ. माळ घातली की मटण सुटलं, दारू सुटली. शेगावच्या पालखीसोबत पंढरपूरला पायी जाणाऱ्यांत असे कितीतरी सापडतील. त्यांच्या मनाची ताकद मोठी असेलच, पण माळेची त्याहून मोठी. ती साऱ्या गावाला दिसते. माळकऱ्याला लग्नाच्या मांडवामागे बोलावून ‘थोडी घे’ म्हणायची कोणाची छाती होत नाही.

मोबाइलसाठी माळ कुठली आणायची?

ती सांगली जिल्ह्यानं आणली. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. कोरोनात शाळा मोबाइलवर आली, कोरोना गेला, मोबाइल पोरांच्या हातातच राहिला. 2022 मध्ये गावानं ठरवलं. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. दीड तास, रोज. सुरुवातीला शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशाताई घरोघर फिरून बघत होत्या.

नियम एकट्या पोरांना नव्हता. खरी मेख इथे आहे. बापानं रील बघत पोराला ‘अभ्यासाला बस’ म्हणायची सोय उरली नाही.

आपल्या जिल्ह्यात भोंग्यांची कमी आहे का? एकेका गावात चार-चार आहेत. त्यातला एक सात वाजता वाजवायला निधी लागत नाही, मंत्री लागत नाही.

ग्रामसभेत पाच माणसं उभी राहिली पाहिजेत.

तोवर घरातल्या घरात. आमच्याकडे महिना झाला, सात वाजले की सगळ्यांचे मोबाइल पिठाच्या रिकाम्या डब्यात जातात. पहिल्या आठवड्यात डबा थरथरला की चारही माना तिकडे वळायच्या. आईनं एकदा उठून त्यावर परात ठेवली, तर थरथर दुप्पट ऐकू यायला लागली. आता डबा वाजतो, माना वळत नाहीत. जेवण लांबतं. आई तिच्या माहेरच्या विहिरीचं सांगते.

परवा धाकटी शाळेतली एक गोष्ट सांगत होती. मैत्रिणीशी भांडण, मग अबोला, मग अर्ध्या पोळीवर मिटलेलं. मी पूर्ण ऐकली. म्हटलं, ‘अगं, हे कधी झालं? सांगितलं नाहीस.’

‘सांगितलं होतं बाबा. तुम्ही हो-हो म्हणत होता.’