फांदीकाका

फांदीकाका हे नाव त्यांना कुणी ठेवलं कोण जाणे, पण आता सोसायटीच्या इतिवृत्तातसुद्धा तेच येतं. माणूस बँकेतून निवृत्त झालेला, सदरा इस्त्रीचा, वागणं सभ्य. फक्त बोलताना तुमच्या तोंडाकडे बघण्याऐवजी तुमच्या मागच्या झाडाकडे बघतात. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलात तर 'वा वा, कार्यालय कुठलं?' असं आपुलकीने विचारतील. तुम्हाला जरा बरं वाटतंय तोच पुढचा प्रश्न येतो, 'त्याच्या फाटकाशी जुना वायवर्णा आहे ना हो?' मग ते लग्नाला येतात, जेवतात, आणि जाताना काखेत ओल्या वर्तमानपत्राची गुंडाळी असते. अहेराचं पाकीट मात्र न चुकता देतात, हे सांगायला हवं.

त्यांच्या खिशात कायम सिकेटर. वादळात झाड पडलं की अग्निशमन दलाच्या आधी हे हजर. पावसाळ्यापूर्वी विजेच्या तारांखालच्या फांद्या छाटायला माणसं आली की काका चहा घेऊन खाली उभे. त्या माणसांना वाटतं, काय देवमाणूस! देवमाणूस खाली पडणाऱ्या फांद्या अंगठ्याने मापत असतो.

फांदी लावून वाढवायची तर झाड देशी हवं, ही मुख्य अट. गुलमोहर मादागास्करचा, बोगनवेल ब्राझीलची, पुण्याच्या टेकड्यांवर माजलेली उंदीरमारी मध्य अमेरिकेची, हे ते पाढे म्हणावेत तसं म्हणतात. एकदा त्यांनी तळमजल्यावरच्या आजींना देवचाफासुद्धा अमेरिकेतला असल्याचं सांगितलं. 'म्हणजे माझ्या महादेवाला इतकी वर्षं विलायती फुलं?' म्हणून आजी आठवडाभर त्यांच्याशी बोलत नव्हत्या. हे सगळं काका बटाटावडा आणि तळलेली मिरची खाताखाता सांगतात. बटाटा आणि मिरचीही तिकडूनच आल्याची आठवण मी करून दिली, तर शांतपणे म्हणाले, 'ते पोटात जातं. टेकडीवर पसरत नाही.' यावर काय बोलणार?

वटपौर्णिमेचा दुसरा दिवस म्हणजे त्यांची दिवाळी. सोसायट्यांच्या कचऱ्याच्या डब्यांतून पूजेच्या वडाच्या फांद्या ते वेचून आणतात. त्यातली जगत कुठलीच नाही, कारण बाजारात मिळते ती पेन्सिलीएवढी कोवळी डहाळी. म्हणून यंदा आधीच घरोघर जाऊन बायकांना सांगितलं, 'ताई, पूजा करायचीच तर निदान अंगठ्याएवढी जाड फांदी मागून घ्या. म्हणजे यजमानही जगतील आणि वडही.' तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी खरंच हातभर जाड खुंट आणला. मग दुसऱ्या दिवशी जिन्यातच शिकवणी सुरू. डोळ्याच्या जरा खाली तिरपा काप द्यायचा. पानं काढून टाकायची, नाहीतर मुळांच्या आधी तीच पाणी पिऊन बसतात. वरच्या टोकाला शेण लिंपायचं, खालच्या टोकाला कोरफडीचा गर. काळ्या पिशवीत माती, वाळू, शेणखत. 'आणि खालचं टोक खालीच!' हे ते दरडावून सांगतात, कारण पूर्वी एका इंजिनिअर साहेबांनी शेवग्याची फांदी उलटी खोचून महिनाभर पाणी घातलं होतं.

पण त्यांचा खरा शत्रू उतावळेपणा. फांदीला आठ-दहा दिवसांत पालवी फुटते आणि लोक पेढे वाटायच्या बेतात येतात. ती पालवी फांदीत साठलेल्या शिदोरीवर फुटलेली असते, खाली मुळाचा पत्ता नसतो. एक निवृत्त मास्तर रोज सकाळी फांदी उपसून मुळं आली का बघायचे आणि पुन्हा खोचायचे. तेव्हापासून पिशव्यांच्या रांगेवर पाटी आहे: 'मुळे पाहू नयेत. आली की ती आपली आपण सांगतील.'

करोनाच्या काळात गुळवेलीला सोन्याचा भाव आला. गुळवेल मोठी चिवट, तोडून टांगली तरी फुटते. काकांनी आपल्या गच्चीवरच्या एकाच वेलाचे तुकडे आसपासच्या सगळ्या सोसायट्यांना फुकट वाटले. सगळे लागले, तारांवर चढले, फुलले. लाल फळं मात्र कुठेच दिसेनात. गुळवेलीत नर आणि मादी वेल वेगळे असतात, आणि फांदीपासून केलेला वेल हुबेहूब मूळ वेलासारखाच. थोडक्यात, काकांनी अख्ख्या भागात ब्रह्मचाऱ्यांची वसाहत वसवली होती. हल्ली ते मॉर्निंग वॉकला दुसऱ्या बाजूला जातात. कारण विचारलं तर म्हणतात, 'स्थळ बघतोय.'

सोसायटीमागच्या पालिकेच्या मोकळ्या जागेत पूर्वी राडारोडा पडायचा. तिथे आता काकांच्या निर्गुडी आणि अडुळशाचं कुंपण आहे. या दोघांना बकऱ्या तोंड लावत नाहीत, म्हणून ती निवड. आत उंबर आहेत. मध्यभागी नगरसेवकांच्या हस्ते ताम्हणाचं रोप लावलं होतं. राज्यफूल म्हणून ताम्हण, शिवाय संगमरवरी पाटी. रोपाला आधार म्हणून लावलेली बांबूची काठी दोन दिवसांत चोरीला गेली, तेव्हा काकांनी छाटणीत मिळालेला पांगाऱ्याचा सोट तिथे ठोकला. ताम्हण दिवाळीपर्यंत वाळून गेलं. आधाराचा सोट तरारला.

पुढच्या वर्षी नगरसेवक फोटोवाल्याला घेऊन आले. पाटी वाचली, माणसाच्या डोक्याच्या वर गेलेलं हिरवंगार झाड बघितलं आणि भारावून त्याच्या खोडावर हात ठेवणार, एवढ्यात काका पुढे झाले.

'साहेब, हात जरा सांभाळून. आपल्या ताम्हणाला काटे आहेत. आणि फुलं थोडी लाल येतील.'