मूडलचा नोडल

आमच्या महाविद्यालयातलं ज्ञान पेन ड्राइव्हमध्ये असतं. पेन ड्राइव्ह विभागप्रमुखांच्या कपाटात असतो, कपाटाची किल्ली विभागप्रमुखांच्या खिशात असते आणि विभागप्रमुख विद्यापीठात पेपर तपासायला गेलेले असतात. त्यामुळे तासिका तत्त्वावरच्या नव्या सरांनी त्या आठवड्यात काय शिकवायचं, ते अभ्यासक्रमावर नाही, पेपर तपासणी किती लांबते यावर ठरतं. ही व्यवस्था वर्षानुवर्षं विनातक्रार चालली होती. मग महाविद्यालयांचं मूल्यमापन करणाऱ्या नॅकची तारीख जवळ आली.

नॅकचे निकष तेव्हा सात होते, पण सातही निकषांत शेवटी मागायचे ते पुरावे. वृक्षारोपण केलंत तर रोपापेक्षा फोटोला महत्त्व, आणि फोटोवर अक्षांश-रेखांश हवेत. मागच्या फेरीला हे पुरावे निम्मे कपाटांत, निम्मे मोबाइलमध्ये आणि अत्यंत महत्त्वाचे तेवढे निवृत्त झालेल्या एका मॅडमच्या घरच्या संगणकावर निघाले होते. पुन्हा तसं व्हायला नको म्हणून प्राचार्यांनी सूचना काढली: सर्व विभागांनी आपलं अध्ययन साहित्य ‘सामायिक ऑनलाइन भांडारात’ जमा करावं. खाली नोडल अधिकारी म्हणून माझं नाव. माझी पात्रता एवढीच, की एका कार्यक्रमात बंद पडलेला प्रोजेक्टर मी वायर काढून पुन्हा खोचून सुरू केला होता. आमच्याकडे याला संगणकतज्ज्ञ म्हणतात.

“त्यात काय, गूगल ड्राइव्हवर टाका की!” स्टाफरूममधून पहिला सल्ला आला. ड्राइव्हवर सगळं होतंच, फक्त ज्याच्या त्याच्या खासगी खात्यावर. लिंक उघडावी तर ‘परवानगी मागा’ असं यायचं. परवानगीचा मेल ज्या पत्त्यावर जायचा तो सरांच्या मुलीने बारावीचा फॉर्म भरताना काढून दिलेला, आणि मुलगी आता पुण्यात नोकरीला. दिवाळीला ती आली की परवानगी मिळायची. मग संस्थेचंच खातं काढू म्हटलं, तर प्राचार्यांनी कुठेतरी वाचलेलं की गूगलने शिक्षणसंस्थांची अमर्याद जागा बंद केली. बातमी खरी होती. २०२१ मध्ये तसं जाहीर झालं आणि पुढच्या वर्षापासून प्रत्येक संस्थेला मिळून १०० टेराबाइट अशी हद्द आली. आता १०० टेराबाइटमध्ये आमच्या महाविद्यालयाचं स्थापनेपासूनचं सगळं ज्ञान मावून वर अख्ख्या तालुक्याच्या लग्नांचे व्हिडिओ मावले असते. पण मर्यादा म्हटलं की प्राचार्यांना अनुदान आठवतं. “आपलं स्वतःचं पाहिजे,” ते म्हणाले. “आयआयटी मुंबईत ते मूडल चालतं म्हणतात. फुकट आहे ना?”

मूडल हे ऑनलाइन शिकवण्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या मार्टिन डूगियामस यांनी ते बनवलं आणि ऑगस्ट २००२ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. हे गृहस्थ लहानपणी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात, जवळपास शाळा नाही अशा वस्तीवर, रेडिओवरून शिकले. ज्याला शाळा नव्हती त्याने जगाला शिकवायची सोय करून दिली. आमच्याकडे इमारत आहे, शाळा आहे, कपाट आहे, फक्त किल्ली मिळत नाही.

तर मूडलवर सगळ्यांसाठी एक जागा करायची. त्याची रीत सोपी आहे. सर्व्हरवर ‘मूडलडेटा’ नावाचं मूळ फोल्डर असतं, त्यात ‘रिपॉझिटरी’ नावाचं फोल्डर काढायचं, त्याच्या पोटात विभागवार फोल्डरं आणि मग प्रशासकाच्या पानावर जाऊन ‘फाइल सिस्टिम’ हा पर्याय चालू करायचा आणि तिथेच प्रत्येक विभागाच्या फोल्डरची त्याच्या नावाने नोंद करायची. एवढं केलं की शिक्षक आपल्या कोर्समध्ये फाइल जोडायला गेले की खिडकीच्या डाव्या अंगाला विभागाचं नाव दिसतं. मी सभागृहात प्रात्यक्षिक दाखवलं. डाव्या अंगाला ‘भूगोल’ उमटलं तेव्हा भूगोलाच्या सरांना भरून आलं. टाळ्या झाल्या, चहा झाला आणि हिंदीच्या मॅडमनी विचारलं, “पण सर, यात आपली फाइल टाकायची कुठून?”

टाकता येत नाही. या भांडारातून शिक्षकांनी फक्त घ्यायचं. भरायचं काम ज्याच्या हाती सर्व्हर त्याचं, म्हणजे नोडलचं.

दुसऱ्या दिवशी, पेन ड्राइव्हचा जाच संपवायला आणलेल्या या व्यवस्थेपायी महाविद्यालयातले झाडून सगळे पेन ड्राइव्ह माझ्या टेबलावर आले. जुडग्यात अडकवलेला, पतपेढीने सभासदांना भेट दिलेला, टोपण हरवलेला, टोपणावर दुसऱ्याचंच नाव असलेला. एक तर शिपाईमामांनी ताम्हनात आणल्यासारखा दोन्ही हातांत धरून आणला. “मोठ्या सरांनी दिलाय. लावा, पण आतलं बघू नका म्हणले.” न बघता कॉपी कसं करायचं, हे मोठ्या सरांनी सांगितलं नव्हतं.

फाइलींची नावं वाचून माझी मराठी गद्याची समज वाढली. ‘नोट्स’, ‘नोट्स फायनल’, ‘नोट्स फायनल नवीन’, ‘हीच घ्यावी’. ‘न्यू फोल्डर’च्या आत ‘न्यू फोल्डर २’ आणि त्याच्या आत एकच फाइल, ‘मॅडमला देणे’. कोणत्या मॅडमला, ते सरांना आठवेना आणि विचारायची कोणाची हिंमत होईना. मराठी विभागाचं सगळं साहित्य युनिकोडच्या आधीच्या काळातल्या फॉन्टमध्ये होतं. तो फॉन्ट फक्त विभागातल्या संगणकावर होता आणि तो संगणक फक्त दसऱ्याला पूजेपुरता चालू व्हायचा. इतरत्र फाइल उघडली की ज्ञानेश्वरांवरचं टिपण कंस, टक्के आणि डॉलर यांत दिसायचं. वाणिज्य विभागाला ते आपलंच वाटलं.

काहींनी माझी वाट न बघता फाइल थेट आपल्या कोर्समध्ये अपलोड करून पाहिली, तो प्रकार वेगळाच. मूडल ज्या पीएचपी भाषेवर चालतं तिच्यात एका फाइलची मूळची मर्यादा २ एमबी असते. सेटिंगमध्ये ती वाढवता येते आणि मी वाढवली. पण आमच्याकडे हाताने लिहिलेल्या नोट्स मोबाइलने रंगीत टिपतात, कोपऱ्यात अंगठ्यासकट. नव्या मर्यादेतही मार्क्स भांडवलापाशी थांबायचा.

मग मी दुसरा मार्ग काढला. ‘शिक्षक कक्ष’ नावाचा एक कोर्स उघडला, सगळ्या प्राध्यापकांना त्यात शिक्षक केलं आणि एक फोल्डर ठेवलं. आता कोणीही टाकावं, कोणीही घ्यावं. जो टाकू शकतो तो काढूही शकतो, ही मेख सगळ्यांना आठवड्याभरात कळली. सातबाऱ्यावर सामायिक विहीर असते ना, पाणी सगळे उपसतात आणि गाळ काढायची पाळी आली की प्रत्येकाचा हिस्सा एकदम कमी होतो, तसं ते फोल्डर झालं. राज्यशास्त्राच्या सरांना त्यात आपली फाइल सापडेना, म्हणून त्यांनी वाटेत येणाऱ्या अर्थशास्त्राच्या फाइली काढून टाकल्या. “गर्दी होत होती,” ते शांतपणे म्हणाले. आता मूडलमध्ये कचरापेटीची सोय असते. कोर्समधून काढलेली गोष्ट तिथे साधारण आठवडाभर राहते. पण अख्खं फोल्डर उडवलं तर ते तिथे जातं; फोल्डरच्या पोटातली एखादी फाइल उडवली तर ती जात नाही. म्हणजे राज्यशास्त्राच्या सरांनी आणखी थोडा राग धरून सगळंच उडवलं असतं तर अर्थशास्त्र वाचलं असतं. हे मी अर्थशास्त्राच्या मॅडमना समजावून सांगितलं. तेव्हापासून मला त्यांच्या डब्यातली चटणी मिळत नाही.

गंमत म्हणजे मूडल बनवणाऱ्यांनीही आधी असा सामायिक कोपरा ठेवून पाहिला होता. जुन्या आवृत्त्यांत प्रत्येक कोर्सला सगळ्यांची मिळून फाइलींची एक जागा असायची. नोव्हेंबर २०१० मध्ये २.० ही आवृत्ती आली आणि ती पद्धत बदलली. तेव्हापासून ज्या पाठाची फाइल, ती त्या पाठाखाली. याची तांत्रिक कारणं बरीच सांगतात. मला मात्र पर्थलाही कोणीतरी राज्यशास्त्राचे सर असावेत असा दाट संशय आहे.

एवढ्यात प्राचार्यांनी भांडाराची पाहणी करायचं ठरवलं. पडद्यावरचं त्यांना नको होतं. “प्रत्यक्ष सर्व्हरवर दाखवा. इतिहास कुठे ठेवलाय?” मी अपलोड झालेल्या फाइलींचं फोल्डर उघडलं. आत ‘३एफ’, ‘सी७’, ‘०बी’ अशी दोन-दोन अक्षरी फोल्डरं, त्यांच्या आत पुन्हा तशीच, आणि तळाशी चाळीस-चाळीस अक्षरांची नावं. मूडल फाइलला तुम्ही दिलेल्या नावाने ठेवतच नाही. फाइलच्या आत जे काही आहे त्यावरून गणित करून चाळीस आकडी-अक्षरी खूण काढतं आणि त्या खुणेने ती ठेवतं. तुम्ही दिलेलं नाव वेगळ्या तक्त्यात, तुमच्या समाधानासाठी. प्राचार्य बराच वेळ ‘सी७’कडे बघत राहिले. “म्हणजे हे गुप्त ठेवलंय,” ते म्हणाले आणि प्रसन्न झाले. मी काही बोललो नाही. प्राचार्य प्रसन्न होण्याचे प्रसंग थोडे असतात.

पण या खुणेची खरी करामत पुढे आहे. तीच फाइल दहा जणांनी दहा नावांनी टाकली तरी आतला मजकूर अक्षरशः तोच असेल तर खूणही तीच येते आणि सर्व्हर एकच प्रत ठेवतो. जागा किती वाचली हे बघायला मी तक्ता चाळत होतो. प्रत्येक विभागाने टाकलेली अभ्यासक्रमाची पीडीएफ एकच निघाली, ते अपेक्षित होतं. किरकोळ रजेचा अर्ज सगळ्यांनी टाकला होता. भांडारातली सर्वांत लोकप्रिय फाइलही तीच आहे. आणि मग इतिहास विभाग आला.

इतिहास विभागात दोन ज्येष्ठ सर आहेत. ग्रंथालयातल्या खिडकीजवळच्या खुर्चीवरून त्यांचं बोलणं बंद आहे. दोघांनी ‘स्वलिखित नोट्स, मराठ्यांचा इतिहास’ आपापल्या नावाने टाकल्या होत्या आणि दोघांनी मला एकांतात बजावलं होतं, “त्यांना दिसू देऊ नका, उचलतील.” दोन्ही फाइलींची चाळीसच्या चाळीस अक्षरं एक होती. सर्व्हरने शांतपणे एक प्रत ठेवली होती आणि दोघांना तीच दाखवत होता. मी ती उघडली. पानिपतची तिसरी लढाई १७६१ ऐवजी १७६२ मध्ये होत होती.

त्याच विभागात तासिका तत्त्वावरचे तरुण सर आहेत. त्यांच्या फाइलीची खूण मात्र अगदी निराळी. मला बरं वाटलं, एक तरी माणूस स्वतः लिहितो. म्हणून तीही उघडली. पहिल्या पानावर त्यांचं नाव, मोठ्या ठळक अक्षरांत. दुसऱ्या पानापासून तेच सगळं, आणि पानिपत १७६२. मजकुरात एक अक्षर जरी बदललं तरी खूण आमूलाग्र बदलते, म्हणून ते सुटले.

मी हे कोणालाही सांगितलेलं नाही. तरी समस्त प्राध्यापक बंधुभगिनींना एक विनंती आहे. दुसऱ्याच्या नोट्स टाकायच्याच असतील तर जरूर टाका, पण नुसतं फाइलचं नाव बदलून भागत नाही. पहिल्या पानावरचंही बदला. आणि उघडलीच आहे फाइल, तर पानिपतचं साल तेवढं नीट करून घ्या.