खरखरीतून ऑपेरा: परीक्षकांसाठी सूचना

जुन्या ऑपेरा-प्रयोगाचं रेकॉर्डिंग लावलं की नवखा माणूस पहिल्याच मिनिटाला म्हणतो, 'आवाज खराब आहे.' ते सगळ्यांनाच ऐकू येत असतं. परीक्षकाने पहिली दहा मिनिटं गप्प बसावं. कान खरखरीला सरावतो आणि यजमानांचं प्रास्ताविकही तेवढ्यात उरकतं. आमच्या एका स्नेह्यांकडे हे प्रास्ताविक रेकॉर्डिंगपेक्षा खणखणीत असतं. टेप कोणाकडून कोणाकडे गेली, यांची प्रत कितवी, इतरांची कशी भिकार. आपण यातलं काहीही विचारलेलं नसतं.

'हेच स्टुडिओतलं नाही का हो?' असं कधीही विचारू नये. चहा मिळत नाही.

मग टेपचा वेग तपासावा. हे मात्र खरोखरच महत्त्वाचं आहे. टेप सहा टक्के जलद फिरली की सगळं गाणं अर्धा स्वर वर चढतं. 'इल त्रोवातोरे'च्या तिसऱ्या अंकाच्या शेवटी टेनरने वरचा सी लावायची प्रथा आहे. तो व्हेर्दीने लिहिलेला नाही, पण नाही लावला तर लोक पैसे परत मागतील. म्हणून पुष्कळ टेनर ते गाणं गुपचूप अर्धा स्वर खाली उतरवून घेतात आणि बी लावून मोकळे होतात. अशा प्रयोगाची टेप जलद फिरली की त्या बीचा सी होतो आणि स्नेही मांडीवर थाप मारतात. आपण वाद घालू नये. त्याच ऑपेराच्या दुसऱ्या अंकातलं काउंट या पात्राचं बी फ्लॅटमधलं गाणं लावायला सांगावं आणि पेटीवर पट्टी जुळवून बघावी. काउंटही अर्धा स्वर वर निघाला, तर टेनरचा पराक्रम मोटरचा. हे एकदाच करावं. दुसऱ्यांदा बोलावणं येत नाही.

आवाज केवढा मोठा होता, हे टेपवरून कळत नाही. तरी 'काय आवाज होता!' असं सगळे छातीठोकपणे सांगतात. गायिका मायक्रोफोनपासून चार पावलं दूर सरकली की बारीक होते, आणि दिवाणखान्यात कोणीतरी पुटपुटतं, 'काय नाजूक उतरली!' वरचा सूर फाटला, तर त्याच क्षणी मागचा वाद्यवृंदही फाटतोय का ते ऐकावं. फाटत असेल तर दोष यंत्राचा. ती एकटीच फाटत असेल, तर विषय बदलावा. टेप कितीही वाईट असली तरी काही गोष्टी शाबूत राहतात: श्वास कुठे घेतला, शब्द कसा टाकला, कंडक्टरला आपल्यासाठी थांबायला लावलं की नाही. गुण द्यायचे ते यालाच.

खरखर धुऊन काढलेल्या आवृत्तीला गुण देऊ नयेत. खरखरीबरोबर आवाजाची वरची धारही जाते आणि गायिका गोधडीतून गाऊ लागते.

लिस्बनचा 27 मार्च 1958 चा 'ला त्राव्हियाता' ऐकताना गायिका मारिया कॅलासच्या जोडीने प्रॉम्प्टरही ऐकू येतो. आपल्याकडचा विंगेत उभा असतो, ऑपेरातला रंगमंचाच्या पुढच्या कडेला मधोमध खोक्यात. त्याची कुजबुज ऐकूनही तिच्या शेवटच्या अंकात घशाशी आवंढा येतो. याच टेपच्या वेडावर टेरेन्स मॅकनॅलीने अख्खं नाटक लिहिलं. ते बरंचसं विनोदी आहे, हे स्नेह्यांना मान्य नाही.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा ग्रंथपाल लायोनेल मेपलसन याने 1901 ते 1903 या काळात मेणाच्या नळकांड्यांवर टिपलेले तुकडे फक्त पोचलेल्यांसाठी. जाँ द रेश्के हा थोर टेनर हाती लागतो तो यातच, तोही चक्की चालू असताना. अर्धं काम कल्पनेने करायचं असतं. स्नेही सोळा आणे करतात.

राहता राहिला मेक्सिको सिटीचा 1951 चा 'आयडा'. दुसऱ्या अंकाच्या अखेरीस सगळा कोरस, सगळा वाद्यवृंद आणि त्यांच्या डोक्यावर कॅलासचा ई फ्लॅट, तोही व्हेर्दीच्या कागदावर नसलेला. टेप गचाळ आहे. गुणपत्रिका खाली ठेवावी. स्नेही या जागी टेपकडे नाही, आपल्या चेहऱ्याकडे बघत असतात. तेव्हा चेहरा जमेल तितका तटस्थ ठेवावा, नाहीतर ते टेप मागे घेऊन पुन्हा लावतात.