दोन बोटं सोडून

"मुलगी गोड आहे हो, पण वज्रटीक बुडाली."

एरंडवण्यातल्या एका मंगल कार्यालयात, अक्षता पडून पाच मिनिटंही झाली नसताना, मसालेभाताच्या रांगेत उभ्या उभ्या काकूंनी निकाल देऊन टाकला. बुडाली म्हणजे ब्लाऊजच्या काठाखाली अर्धी गेली. नवरीनं बोट नेक शिवून घेतला होता, वर टिकली चिकटवायलाही जागा नव्हती, आणि तिथं कुणीतरी हौसेनं घातलेली घराण्यातली वज्रटीक जरीत गुदमरत होती. नवरा काय करतो, मुलगी कुठं नोकरीला आहे, आहेर काय झाला, यातलं काकूंना काही विचारू नका. "कुठली हो ती थोरली सून?" असं त्या आपल्यालाच विचारतात आणि मग आपणच आठवून सांगतात, "हां हां, पोपटी पैठणी, पान गळा, चिंचपेटी." माणसांची त्यांच्याकडची नोंद हनुवटीच्या खाली सुरू होते आणि पदराशी संपते.

आमच्या सोसायटीत त्यांना मॅचिंगकाकू म्हणतात, अर्थात पाठीमागे. नारायण पेठेतला वाडा पाडून ही सोसायटी झाली तेव्हापासून त्या तिसऱ्या मजल्यावर आहेत. अशी एक बाई पुण्याच्या प्रत्येक सोसायटीत असतेच, कोथरूडला तर विंगेगणिक असावी. तिची पर्स उघडली की आत शिवणाची टेप, सहा-सात सेफ्टी पिना, रेशमाची गुंडी आणि सुटलेला एखादा गोंडा सापडतो. आमच्या काकू स्वतः मात्र एरवी साधा गोल गळा, दोन वाट्यांचं मंगळसूत्र आणि एकदाणी यापलीकडे जात नाहीत. "मी परीक्षक आहे," असं त्या म्हणाल्या नाहीत कधी, पण बसतात तशाच.

दागिन्यांवर त्यांनी लावायची कलमं ठरलेली आहेत. दागिना 'बुडतो' म्हणजे कापडाखाली जातो. 'भांडतो' म्हणजे ठुशी आणि तन्मणी एकाच उंचीवर आले आणि तन्मण्याचं खोड ठुशीच्या मण्यांत अडकलं. 'पोरका पडतो' म्हणजे साडेआठ इंच खोल गळ्यात एवढीशी साखळी. आणि सगळ्यांत गंभीर गुन्हा म्हणजे 'काठावर बसतो': दागिन्याची कड आणि ब्लाऊजची कड एकावर एक आली, की दोन्ही दिसत नाहीत. त्यावरचा उपायही ठरलेला. दोन बोटं सोडून. कापडाच्या वर दोन बोटं कातडी दिसली पाहिजे, नाहीतर सरळ कापडावर उतरा आणि काठाखाली दोन बोटं जा. मधे घुटमळायचं नाही. बोटं कुणाची, असं मी एकदा विचारलं. "जिचा गळा तिची," त्या म्हणाल्या. काकांची बोटं मोजायला चालत नाहीत, हे काका स्वतःहून सांगतात.

त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं तर त्यात तथ्य आहे, हे मला मान्य करावं लागतं. आपले जुने दागिने घडले ते चोळीसाठी. गुळेदगुड्डहून येणाऱ्या खणाची चोळी पुढे गाठ मारून बसायची, तिचा गळा बेताचा, आणि वर नऊवारीचा पदर. म्हणजे दागिन्याला दोनच ठिकाणं. एक तर ठुशी, चिंचपेटी, वज्रटीक यांच्यासारखं गळ्याला घट्ट धरून राहायचं, नाहीतर बोरमाळ, मोहनमाळ, पुतळ्यांची माळ यांच्यासारखं पदरावर उतरायचं. मधला प्रदेश नव्हताच. तो प्रदेश शिंप्यांनी निर्माण केला. मटका गळा आला, पंचकोनी आला, व्ही आला, आणि गळ्याच्या हाडापासून खाली हातभर मोकळं मैदान पडलं. आता त्या मैदानात काय घालायचं हे आजीच्या डब्यात लिहिलेलं नाही. तिथं काकू लागतात.

काकूंची भाची एकदा फोनवर तक्ता घेऊन आली. कुठल्याशा परदेशी बाईनं काढलेला, चित्रांसकट. व्ही गळ्याला टोकदार पेंडंट, बोट नेकला लांब मोत्यांचा सर, बंद कॉलरला काहीच नाही, फक्त कानातलं. काकूंनी चष्मा लावून तो सगळा वाचला. मग विचारलं, "या बाईला मंगळसूत्र आहे का?"

"नाही, मावशी."

"मग हिचं गणित सोपं आहे. आमचं एक पद आधीच ठरलेलं असतं."

मंगळसूत्र हा त्यांच्या मते गळ्याचा मूळ मालक आणि बाकी सगळे पोटभाडेकरू. मालक कुठल्या उंचीवर राहतो ते बघून बाकीच्यांनी वर किंवा खाली जागा शोधायची. म्हणून 2013 मध्ये 'होणार सून मी ह्या घरची' ही मालिका सुरू झाली आणि तिच्यातल्या जान्हवीच्या मंगळसूत्राची लाट आली, तेव्हा काकूंना फार त्रास झाला. तुळशीबागेत दर दुकानात ते लटकलेलं. ज्या बायकांचा सगळा संसार आखूड पोतीवर बेतलेला होता, त्यांनी एका आठवड्यात मालकाची जागा बदलली आणि कपाटातले बाराही ब्लाऊज चुकीचे ठरले. "मालिकेचं काय, ती संपते," काकू म्हणाल्या. "ब्लाऊज राहतात."

तुळशीबागेत त्यांच्याबरोबर जायचं म्हणजे दिवस मोडला समजा. आधी रामाचं दर्शन. हे देऊळ नारो अप्पाजी खिऱ्यांनी 1761 साली बांधायला घेतलं, भोवतीचा बाजार नंतर वाढला, म्हणून राम आधी. मग फॉर्मिंगच्या दागिन्यांची दुकानं. 2025 मध्ये तोळा लाखाच्या पार गेल्यापासून या गल्लीत पाय ठेवायला जागा नाही, आणि पूर्वी फॉर्मिंग म्हटलं की नाक मुरडणाऱ्या बायकाही आता "दिसायला सारखंच ना" म्हणत उभ्या असतात. त्यावर काकूंची हरकत नाही. त्यांची हरकत दुकानदारानं माळ हातावर धरून दाखवण्याला आहे. "हाताला गळा असतो का?" असं विचारून त्या पर्समधून घडी घातलेलं पांढरं कापड काढतात. त्याला मधोमध गोल गळा कापलेला असतो, सहा इंच खोल. तो नमुना त्या सरळ माझ्या गळ्यात अडकवतात, भर तुळशीबागेत, आणि तीन पावलं मागे सरून बघतात. एका रविवारी त्या अवस्थेत मला माझ्या ऑफिसातले साहेब सहकुटुंब भेटले. साहेबांनी मान वळवली. त्यांच्या बायकोनं तेवढ्यात विचारून घेतलं, हे कापड कुठं मिळतं.

पण खरं रणांगण शिंप्याचं. आमच्या टेलरमास्तरांच्या दुकानात पाटी आहे, 'गळ्याविषयीच्या तक्रारी कापड कापण्याआधी कराव्यात'. काकू आल्या की मास्तर ती पाटी पुसून नीट लावतात.

काकू गुलाबी कागदाची पुडी उघडतात. आत सासूबाईंची ठुशी. लक्ष्मी रस्त्यावर गाडगिळांची पेढी सांगलीहून आली 1958 मध्ये, ही ठुशी त्याही आधीची, हे त्या मास्तरांना दर खेपेला सांगतात. "तेव्हाचा तोळा 11.66 ग्रॅमचा होता मास्तर, आताचा दहाचा." मास्तर मान डोलावतात, त्यांना इंच कळतात. मग मापाचा ब्लाऊज टेबलावर पसरायचा, त्यावर ठुशी ठेवायची, गोंडा जितका ओढून त्या बांधतात तितकाच ओढायचा आणि मण्यांच्या खालच्या ओळीपासून दोन बोटं सोडून खडूनं रेघ मारायची. रेघ काकू मारतात.

"काकू, गळा सहा येतोय. तुमचं नेहमीचं साडेपाच आहे."

"नेहमी एकदाणी असते. हा ठुशीचा ब्लाऊज आहे."

"आणि याच्यावर कधी मोहनमाळ घातली तर?"

"तर ती पदरावर येते, तिला गळ्याशी घेणंदेणं नाही. मास्तर, तुम्ही एवढी वर्षं शिवताय."

मास्तर गप्प होतात आणि पावतीवर लिहितात, 'गळा ६, ठुशी'. मी ती पावती पाहिली आहे. जगात दुसरीकडे कुठं ब्लाऊजच्या पावतीवर दागिन्याचं नाव असेल असं वाटत नाही.

काकूंचा सगळा धर्म या रेघेत आहे. बाकीच्या बायका ब्लाऊज शिवून आणतात आणि मग आरशासमोर दागिने लावून बघतात. काकूंना हा उफराटा कारभार वाटतो. कापड मीटरवर मिळतं, गळा उसवता येतो, आत पट्टी लावून वर घेता येतो. ठुशी मोडून नवी केली की घट जाते, मजुरी जाते आणि सासूबाईही जातात, दुसऱ्यांदा. म्हणून दागिना हलायचा नाही, गळ्यानं हलायचं. हे ऐकताना मला दर वेळी पटतं, आणि घरी येऊन मी तयार ब्लाऊज मागवते.

त्यांचा पराभव मी एकदाच पाहिला आहे, आणि तो अर्थातच कोल्हापूरनं केला. धाकट्या जावेच्या विहीणबाई तिकडच्या. हळदीकुंकवाला आल्या त्या अंगभर कोल्हापुरी साज घालून. एकवीस पानं, त्यांत दशावतार, अष्टमंगल, एक माणकाचं, एक पाचूचं, सगळं जागच्या जागी. आणि खाली ब्लाऊजला चक्क उभी कॉलर. साज अर्धा कॉलरवर, अर्धा हवेत. काकूंचा घास घशात अडकला. बऱ्याच वेळानं, फार गोड आवाजात, त्या म्हणाल्या, "साजाला जरा गोल गळा असता तर पानं छान पसरली असती, नाही का?"

विहीणबाईंनी तिळाची वडी तोंडात टाकली. "ओ ताई, साज घातल्यावर गळा बघतंय कोण?"

खोलीतल्या सगळ्या बायका साजाकडेच बघत होत्या. काकूही.

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत असं काका सांगतात. काका हे निवृत्त हिशेबनीस, कमी बोलणारे. "लग्नाला ही हो म्हणाली ती माझ्या सदऱ्याची कॉलर बघून," एवढंच ते आपल्या प्रेमकथेबद्दल सांगतात. मफलर कसा बांधायचा याबद्दल त्यांना घरात मत नाही.

अनंत चतुर्दशीला काकू लक्ष्मी रस्त्यावर ओळखीच्या एका गॅलरीत सकाळपासून जागा धरून असतात. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा, मानाचे पाचही गणपती समोरून जातात. त्यांना त्या हात जोडतात, पण गणपतीवर त्यांचं लक्ष टिकत नाही. "त्याला गळाच नाही, म्हणून त्याला सगळं शोभतं." त्या बघतात ढोलपथकातल्या मुली. पांढरा सदरा, बंद पट्टीची कॉलर, भगवा फेटा, नाकात नथ, आणि हौस म्हणून काही ना काही गळ्यात. यंदा एका पथकात पहिल्याच रांगेत एक मुलगी पुतळ्यांची लांब माळ घालून वाजवत होती. बंद गळा, वरून लांब माळ, म्हणजे काकूंच्या शास्त्रात पैकीच्या पैकी. पण कमरेला ढोल. टिपरू खाली आलं की माळ ढोलाच्या दोरीत अडकायची, मुलगी मानेला झटका देऊन सोडवायची, तोवर ताल पुढं गेलेला.

"शास्त्र बरोबर आहे," काकू स्वतःशीच पुटपुटल्या, "ढोल चुकलाय."

आणि आम्ही अडवायच्या आत त्या जिना उतरल्या. वरून दिसलं ते असं: गर्दीतून एक जांभळी इरकल सरकत दोरापाशी पोचली, दोराखालून वाकून आत गेली, पोलिसानं शिट्टी वाजवली, पथकप्रमुखानं हात वर केला आणि ढोल थांबले. काकूंनी माळ उचलली, दोन पदर केले, कॉलरखाली दोन बोटं सोडून सदऱ्याच्या पट्टीवर डावीकडे एक पीन, उजवीकडे एक पीन. मुलीचा खांदा थोपटला. ढोल पुन्हा सुरू झाले, माळ जागची हलली नाही.

वर आल्या तेव्हा घामाघूम होत्या, पण चेहऱ्यावर तेज. मी पाणी दिलं. "काय म्हणाली हो ती?"

काकूंनी पेला संपवला, पदरानं तोंड पुसलं.

"थँक्यू आजी म्हणाली," त्या म्हणाल्या. "गळा सुरेख आहे पोरीचा. डोळे तेवढे एकदा तपासून घ्यायला हवेत तिनं."