काठी आत, पाणी बाहेर

मैदानातल्या गाण्याच्या कार्यक्रमात प्रेक्षकांनी झेंडे फडकवावेत का, हा खटला सध्या नावडे फाट्यावरच्या टपरीवर चालू आहे. झेंडेवाला पक्ष तरुण आहे, एकजूट आहे आणि त्याच्या हातात काठ्या आहेत. विरुद्ध पक्षात मी, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि चार फूट अकरा इंच उंचीच्या आमच्या शेजारच्या वहिनी. आमच्या हातात मुद्दे आहेत. काठी आणि मुद्दा समोरासमोर आले की काय होतं, हे सांगायला इतिहासाचा प्राध्यापक लागत नाही.

कार्यक्रम कोणता, गायक कोण, हे विचारू नका. तुम्ही गेला होतात तोच. तेच खारघरकडचं मैदान, तीच तिकिटावरची ‘गेट सहाने या’ ही सूचना आणि गेट सहावरून गेट दोनकडे पिटाळणारा तोच शिट्टीवाला पोरगा.

कापडाशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगतो. माझा मुद्दा काठीचा आहे.

फाटकावर आमची झडती झाली. पाण्याची बाटली बाजूला. का, तर फेकून मारता येते. पॉवर बँक बाजूला. सुटी नाणी बाजूला. पाच रुपयांचं नाणं काढून ठेवताना त्या रक्षकाने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी आजवर गायकांचे डोळे फोडण्यावरच पोट भरत आलोय. पोस्टमास्तरांची छत्री तर त्यांनी दाखवायच्या आधीच गेली. तिला टोक असतं. वहिनींच्या पर्समधली खोकल्याच्या गोळ्यांची पट्टी उजेडाकडे धरली गेली, उलटसुलट झाली, वरिष्ठांना दाखवली गेली आणि शेवटी ‘रिस्क नको’ म्हणून ड्रममध्ये गेली. आमच्या पुढे एक तरुण होता. खांद्याला लांबट पिशवी, पिशवीत काठी. गळाने मासे धरायला असते तशी, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची. मिटली की हातभर, उघडली की पंधरा फूट. रक्षकाने ती हातात घेतली. खटाखट करत शेवटच्या पेरापर्यंत उघडली. टोकाला बोट लावून पाहिलं. ‘ऑनलाइन मागवली का?’ म्हणून विचारलं. कितीला पडली तेही विचारलं. मग नवी बंदूक न्याहाळून परत देणाऱ्या शिकाऱ्याच्या आदराने ती मिटली आणि मालकाच्या हवाली केली.

म्हणजे बाटली हत्यार, छत्री हत्यार, खोकल्याची गोळीही हत्यार. पंधरा फुटी काठी मात्र अभिव्यक्ती. आत गेल्यावर तीच पाण्याची बाटली शंभर रुपयांना मिळते आणि शंभर रुपये मोजले की तिचं हत्यारपण जातं. काठी आत विकायला ठेवलेली नाही, म्हणून ती बाहेरून आणायला मुभा आहे, एवढा एकच तर्क मला सापडला. ज्या दिवशी आत काठ्यांचा स्टॉल लागेल, त्या दिवशी बाहेरच्या काठीलाही टोक फुटेल.

आता थोडं गणित. मंच ६० फूट रुंद धरा आणि तुम्ही त्याच्यापासून ३०० फुटांवर उभे आहात असं समजा (सर्वात स्वस्त तिकिटात याहून जवळ उभं राहिलं तर तो बहुधा गुन्हा ठरतो). तुमच्या २५ फूट पुढे कोणी ५ फूट रुंदीचं कापड धरलं. पाच भागिले पंचवीस आणि साठ भागिले तीनशे, दोन्हीचं उत्तर एकच: एक पंचमांश. साधं त्रैराशिक आहे. पाच फुटी कापडामागे साठ फुटी मंच गायकासकट, ढोलकीवाल्यासकट, धूर सोडणाऱ्या यंत्रासकट सबंध मावतो. यावर झेंडेवाले म्हणतात, काका, काठी उंच असते, कापड तुमच्या डोक्यावरून जातं. मान्य. काठी उभी असते तोवर जातं. पण पंधरा फुटी काठी सरळ उभी धरणं हे तालमीतल्या पैलवानाचं काम आहे आणि हा मुलगा आठवडाभर माऊस धरतो. दुसऱ्या गाण्याला त्याचा हात भरून येतो, काठी कलते, आणि कापड येऊन बरोबर गायकाच्या उंचीवर विसावतं. मग आम्ही मागे गेलो. मागच्यांची अडचण वेगळी. त्यांना काठी उभी असतानाच त्रास, कारण लांबून बघणाऱ्याच्या डोळ्यासमोर ते कापड थेट बाजूच्या मोठ्या पडद्यावर येतं. म्हणजे काठी कलली की पुढचे आंधळे, उभी राहिली की मागचे. एवढ्या मैदानात तो झेंडा ज्याच्या मध्ये येत नाही असा माणूस एकच: तो धरणारा. त्याच्या डोळ्यांपुढे कापड नसतं, मोकळा मंच असतो. शिवाय त्याच्या भोवती दोन हात जागा सुटलेली असते, कारण काठीचा खालचा दांडा कोणाच्या बरगडीत जाईल याचा नेम नाही. एवढी ऐसपैस जागा पुढच्या महागड्या रांगेतही मिळत नाही.

आणि कापडावर असतं काय? एकावर वडापाव. एकावर कोणाच्या तरी कुत्र्याचा फोटो, हारबीर घालून; कुत्रा हयात आहे की नाही ते कळायला मार्ग नाही. आमच्या समोरच्यावर ठळक अक्षरांत ‘मम्मी, मी इकडे आहे’. ज्या गाण्यासाठी मी पैसे मोजले होते ते सबंध गाणं मी हे वाक्य वाचत ऐकलं. पोस्टमास्तरांनी आयुष्यभर अर्धवट पत्ते वाचले आहेत. ते म्हणाले, “इकडे म्हणजे कुठे? पिनकोड नको का?”

झेंडेवाल्यांचा हुकमी युक्तिवाद हाच आहे. नेटवर्क मिळत नाही, फोन लागत नाही, मग गर्दीत आपली पोरं सापडणार कशी? आमच्या पुतण्याने टपरीवर मला ऐकवलं, “काका, झेंडा नाय तं आमी भेटनार कुठं?” युक्तिवाद बिनतोड आहे, फक्त एका झेंड्यापुरता. समुद्रात जाळं टाकलं की कोळी तरंगाला काठी बांधतात आणि काठीला बावटा, म्हणजे आपलं जाळं लांबून ओळखू येतं. ते चालतं, कारण एका बावट्यापासून दुसऱ्या बावट्यापर्यंत मध्ये समुद्र असतो. इथे हाताच्या अंतरावर चाळीस बावटे. वडापावाखाली भेटायचं ठरलेली पोरं दुसऱ्याच वडापावाखाली जमली आणि कार्यक्रम संपेपर्यंत अनोळखी लोकांच्या गळ्यात पडून नाचली. कोणाची तक्रार नव्हती, हे मात्र खरं.

झेंडा कुठे धरायचा हे महाराष्ट्राला शिकायची वेळ यावी, याचं मला नवल वाटतं. आषाढीच्या वाटेवरची दिंडी पाहा. पताकावाले सगळ्यांच्या पुढे. त्यांच्यामागे टाळकरी, मृदंग, वीणा, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. गोल रिंगणातही आधी पताकावाले धावून घेतात, बाकीच्यांची पाळी नंतर येते आणि अश्व शेवटी सुटतात. पताका पुढे, कारण दिंडी चालत असते आणि मागच्याला कुठे वळायचं ते दिसावं लागतं. शिवाय मागच्याची दिंडीत काही बघायचं राहून गेल्याची तक्रार नसते. ज्याला बघायचं आहे तो पंढरपुरात उभा आहे. आमच्या मैदानात कोणी कुठे चाललेलं नाही. सगळे एका जागी उभे आणि बघायचं ते समोर. चालत्या गर्दीपुढे धरला तर झेंडा, उभ्या गर्दीपुढे धरला तर पडदा. आणि पडदा नाटक सुरू व्हायच्या आधी वर जातो, एवढं तरी नाटकवाल्यांना कळतं.

कायद्याकडे वळलो, तर तिथेही काठी निसटते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र दहाला सुरू होते. सरकारच्या मर्जीने वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट. कानाची एवढी काळजी वाहिली, डोळ्याची कोणी वाहिली नाही. तिरंग्यासाठी २००२ ची ध्वजसंहिता आहे. २०२१ च्या दुरुस्तीने तो पॉलिस्टरचाही चालतो आणि २०२२ पासून उघड्यावर रात्रीही फडकवता येतो, म्हणजे मैदानातल्या हौशींची सोय झाली. पण त्याच संहितेत असंही आहे की दुसरा कोणताही झेंडा तिरंग्याच्या वर किंवा बरोबरीने असता कामा नये. म्हणजे गर्दीत एकाने तिरंगा उभारला, की नियमाप्रमाणे सगळे वडापाव, कुत्रे आणि मम्म्या खाली यायला हव्यात. मी हे माझ्या पुढच्या तिरंगावाल्या मुलाला सांगितलं. त्याने माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि कुत्र्यापेक्षा तिरंगा वर जावा म्हणून आपल्या मित्राला खांद्यावर बसवून घेतलं.

इथवर मी हसत होतो. हसू संपलं ते परतताना. कार्यक्रम सुटला आणि काठ्या मेट्रोच्या जिन्यावर चढल्या, तिथून पेंधरला उतरल्या, कारण मेट्रो पेंधरला संपते आणि पुढे नावड्यापर्यंत रिक्षावाल्याची मर्जी चालते. रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी काठ्या बाहेर, ट्रेलरच्या रांगेतून वाट काढत. मिटवा म्हटलं तर मिटत नव्हत्या. घामाने नळ्या अडकल्या होत्या म्हणे. तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा फिरला होता. वाऱ्याची दिशा कळायला झेंडा लागतो हे पुस्तकात ठीक आहे, आम्हा नावडेकरांना ती नाकाने कळते. आणि ही सगळी काठीवाली पोरं नावडे रोड स्टेशनच्या दिशेने निघाली होती, तिथे फोटो काढायला! त्या स्टेशनात रुळांवर जी तार आहे तिच्यात २५,००० व्होल्ट आहेत. कळंबोलीच्या उपकेंद्राकडे जाणाऱ्या मोठ्या मनोऱ्यांवरच्या तारांत तर लाखांच्या घरात. त्यांना स्पर्श व्हावा लागत नाही, नुसतं जवळ जाणं पुरतं, आणि या सरकत्या काठ्यांपैकी पुष्कळ कार्बनच्या असतात, ज्यातून वीज सरळ खाली उतरते. मिरवणुकीत झेंड्याची काठी तारेला लागल्याच्या बातम्या दरवर्षी कुठून ना कुठून येतात. आपण त्या पान उलटून विसरतो. फाटकावरच्या त्या शहाण्याने माझं नाणं काढून घेतलं होतं! मी ओरडलो. मी खरंच ओरडलो, वहिनींनी मला मागे ओढलं. आणि एकदा ओरडायला तोंड उघडलं की सगळंच बाहेर पडतं. मी म्हटलं, अरे, या दिवा-पनवेल मार्गावर दिवसाला मोजक्या गाड्या धावतात, एक चुकली की माणूस फलाटावर म्हातारा होतो. त्यासाठी कोणी कधी झेंडा धरला? रात्री येणाऱ्या त्या वासासाठी धरला? सर्व्हिस रोडवर उभ्या राहणाऱ्या ट्रेलरसाठी धरला? हळदीच्या रात्री गल्लीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात, त्यांच्यापुढे तुम्हीच झेंडे नाचवता. दहा वाजले, घरात परीक्षेचं पोर आहे, आजारी म्हातारी आहे, म्हणून त्यातलं एक कापड तरी कोणी खाली घेतलं? पोरं ऐकत होती. त्यातल्या एकाने नम्रपणे विचारलं, “काका, तुमचा व्हिडिओ टाकू का? मस्त बोलताय.” त्या व्हिडिओतही माझ्या तोंडापुढे अर्धा वेळ कुत्रा आहे.

बंदी घाला असं मी म्हणत नाही. बंदी घातली की काठी पँटमधून आत येईल. माझी मागणी दरपत्रकाची आहे. ज्या अर्थी पाण्याला आत भाव आहे, त्या अर्थी अंधारालाही असावा. पाच फुटापर्यंतचं कापड, हातात धरून, काठीविना: फुकट. काठीसह, मैदानाच्या अगदी मागच्या कठड्याला पाठ लावून: फुकट, आणि वर एक पाण्याची बाटली आयोजकांतर्फे. काठीसह, लोकांच्या मध्ये: मागे जेवढी माणसं कापडाच्या सावलीत येतील तेवढ्यांच्या तिकिटाचे पैसे काठीवाल्याने परत करायचे, जीएसटीसकट, मोजणी पोस्टमास्तर करतील. काठी कलली तर दुप्पट. रेल्वेच्या तारेखालून उघडी नेली तर काठी जप्त, आणि ती उघडून बघून कौतुक करणाऱ्या रक्षकाचा एक दिवसाचा पगारही. ‘मम्मी, मी इकडे आहे’ हा मजकूर असेल तर निम्मी सूट, पण मम्मीने स्वतः येऊन दाखवलं पाहिजे. आणि ती आलीच, तर तिच्या पर्समधल्या गोळ्या फेकायच्या नाहीत.